एखादी चपराक सोडली तर

ताई,

तुमचं सदर माझी पत्नी वाचते. तिनेच लिहायला सांगितलं. मी डिचोली तालुक्यातला, वय ४३. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून दीड वर्षापूर्वी हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे, आठवड्याआड रात्रपाळी असते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार.

माझे बाबा खाणीवर टिप्पर चालवायचे. दिवसभर धक्क्यापर्यंत खेपा मारायच्या आणि रात्री पिऊन घरी यायचं. मारायला कारण लागायचं नाही. पट्टा, भिजवलेली काथ्याची दोरी, हाताला येईल ते. पाचवीत असताना माझा हात मोडला, तेव्हा दवाखान्यात 'आंब्यावरून पडला' असं सांगितलं. आई काही बोलायची नाही, तिलाही मार होताच. एकोणिसाव्या वर्षी बेळगावला भरती झालो. बराकीत पहिल्याच रात्री मला गाढ झोप लागली. बाकीची पोरं घरच्या आठवणीने रडत होती. मार खाऊन अंग तयार झालं होतं म्हणून मी ट्रेनिंगमध्ये टिकलो, असं मी सगळ्यांना सांगतो.

मुलगा झाला तेव्हाच ठरवलं होतं की बापासारखं वागायचं नाही. त्याला कधी पट्ट्याने मारलेलं नाही. एखादी चपराक सोडली तर हातही लावलेला नाही. गेल्या महिन्यात रात्रपाळी करून आलो होतो. गणिताची वही शाळेत राहिली असं त्याने सांगितलं आणि ती दप्तरातच सापडली. मी ओरडलो, हात उचलला. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीला चिकटून खाली बसला. मी अगदी असाच बसायचो. मारलं नाही, पण तेव्हापासून मला झोप नाही.

बाबांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. निवृत्त झाल्यापासून त्यांना आंघोळ मीच घालतो. मुलाचा आजोबांवर फार जीव आहे. आई म्हणते, विसर आता, तुझाच बाप आहे. मला एवढंच सांगा: माझ्यात तेच रक्त उतरलंय का? आणि फौजेने मला माणूस बनवलं असं सगळे म्हणतात, मग हे आत राहिलं कसं?

एक माजी सैनिक

---

हवालदारसाहेब,

पहिला प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानेच उडवली आहे. मारणं रक्तातून उतरत नाही. ज्याने मार खाल्ला तो पुढे मारणारच, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की तुमच्यासारखी माणसं जन्मभर स्वतःवर पहारा देत राहतात. येल विद्यापीठातल्या जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के आईबाप पुढे आपल्या मुलांशी तसे वागतात, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे बहुतेक जण तसे वागत नाहीत. मात्र ३० टक्के हा आकडा लहानही नाही. ज्यांच्या वाट्याला असं बालपण आलं नाही त्यांच्यापेक्षा तो कितीतरी जास्त आहे. तेव्हा तुमची काळजी अनाठायी नाही, पण तुमच्या कपाळी काही लिहून ठेवलेलं नाही.

आता थोडं लागेल असं बोलते. 'एखादी चपराक सोडली तर' असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. समोर उगारलेला हात पाहून मूल दचकतं, मान चुकवतं, हे कुठल्याही मुलाचं होईल. भिंत शोधून तिला पाठ लावणं, खाली बसणं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकणं ही मात्र सवयीने येणारी गोष्ट आहे. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण तुम्हाला ती सवय होती. त्यामुळे एखादी म्हणजे किती, हे पत्नीला विचारा. त्या सांगतील तेव्हा मध्ये बोलू नका. शाळेत, ट्यूशनला किंवा शेजारीपाजारी कुणी त्याच्यावर हात टाकतं का, तेही चाचपून पाहा, पण सुरुवात घरापासून करा. चपराक कदाचित खरोखर एकदोनदाच बसली असेल आणि बाकीची भीती आवाजाची असेल. परेड ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा आवाज दहा बाय बाराच्या खोलीत मुलाच्या कानाशी फुटतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने मार सुरू झालेलाच असतो.

हे लिहिताना तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मुलांच्या छळाचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी त्यासाठी बोलले होते, आणि त्या तेरांत आपला गोवाही होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसल्याचं त्यात दिसलं, आणि घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना मारणारे हात आईबापाचेच होते. आपल्या राज्याने तर त्याच्या चार वर्षं आधी, २००३ मध्ये, स्वतंत्र गोवा बाल कायदा केला. त्यात छळाची व्याख्या करताना वागणूक वारंवारची असो वा नसो, असे शब्द घातलेले आहेत. तुम्हाला कायद्याची भीती घालावी म्हणून हे सांगत नाही. 'एकदाच तर मारलं' या सबबीवर कायदा करणाऱ्यांनीही विचार केला होता, एवढंच सांगायचं आहे.

पण माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेही नाही. ते दुसरं आहे: 'मार खाऊन अंग तयार झालं होतं म्हणून मी ट्रेनिंगमध्ये टिकलो.'

हे वाक्य मी गोव्यात घरोघरी ऐकते. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, सोप्यावर बसून चांगली शिकलेली माणसं ते हसत सांगतात: मास्तरांनी झोडपलं म्हणून दोन अक्षरं आली, बापाने सोलून काढलं म्हणून वळण लागलं. ऐकणारे माना डोलावतात. तुम्ही ते इतक्यांदा सांगितलं असेल की आता ते खरं वाटत असेल. पण पाचवीतल्या मुलाचा हात मोडल्याने तो बळकट कसा झाला? त्याच बाजूच्या खांद्यावर पुढे रायफल घेताना हात दुखला असेल तर तो तुम्ही निमूट सोसला असेल. तुमच्या बरोबर भरती झालेली, घरच्या आठवणीने रडणारी पोरंही पासिंग आउटला तुमच्याच रांगेत उभी होती ना? त्यांना घरी कुणी पट्ट्याने मारलं नव्हतं, तरीही ती टिकली. तुम्ही टिकलात ते मार खाऊनसुद्धा. मिळवलेलं पदक तुम्ही स्वतःच्या छातीवरून काढून बाबांच्या छातीवर लावून ठेवलं आहे, आणि ते तिथे आहे तोवर तुमच्या मुलाला धोका आहे. कारण माराने माणूस घडतो असं आतून मानणाऱ्या बापाला कंटाळलेल्या, झोप न झालेल्या सकाळी हात आवरायला काही कारणच उरत नाही.

याबद्दल एक जुनं निरीक्षण आहे, मला ते फार मोलाचं वाटतं. सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकेतल्या बालमानसशास्त्राच्या अभ्यासक. अवघड बालपणातून आलेल्या आईबापांबरोबर आणि त्यांच्या तान्ह्या मुलांबरोबर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं आणि १९७५ मध्ये ते मांडलं. काही आईबाप आपल्यावर झालेलं तसंच मुलांवर करतात आणि काही करत नाहीत, हा फरक कशाने पडतो हे त्या शोधत होत्या. मारलं, कोंडलं, टाकून दिलं, हे प्रसंग दोन्हीकडच्यांना नीट आठवत होते. पुन्हा तेच करणाऱ्यांना प्रसंग आठवत होते, पण तेव्हाचं दुखणं, ती भीती, ती लाज आठवत नव्हती. ज्यांना तेव्हा काय वाटलं होतं ते आठवत होतं, त्यांचा हात थांबत होता.

तुमचं पत्र पुन्हा वाचा. बाबांच्या माराचा परिच्छेद तुम्ही रिपोर्ट द्यावा तसा लिहिला आहे: हत्यार काय, इयत्ता कुठली, दवाखान्यात काय सांगितलं. त्यात दुखल्याचा एक शब्द नाही. आणि मुलगा भिंतीशी बसला तिथे मात्र तुमची वाक्यं तुटली आहेत. त्या क्षणी तुम्हाला फक्त प्रसंग आठवला नाही, भिंतीशी बसलेल्या त्या पोराला काय वाटायचं तेही आठवलं. म्हणूनच हात खाली आला. झोप गेली हा त्रास आहे, नाही कशाला म्हणू, पण गेल्या महिन्यात तुमच्या घरात घडलेली सगळ्यात चांगली गोष्टही तीच आहे.

आता फौजेचं. फौजेने माणूस बनवलं हे लोक म्हणतात ते निव्वळ कौतुक नाही. बॉस्टनमधल्या पाचशे वाया गेलेल्या मुलांचा एक जुना अभ्यास होता. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लाउब या दोघांनी पुढे त्याच मुलांचा थेट म्हातारपणापर्यंत माग काढला. ही मुलं गरीब वस्त्यांतली, अनेकांच्या घरी दारू आणि मार. त्यांच्यातले जे सावरले त्यांच्या आयुष्यात वळण कुठे आलं, तर सैन्यातली भरती, निभावलेलं लग्न आणि टिकलेली नोकरी या जागी. सैन्याने त्यांना जुन्या गल्लीपासून तोडलं आणि कालपर्यंत कोण होतास हे न विचारता नवीन सुरुवात दिली.

तुम्हाला काय मिळालं ते तुम्ही एका ओळीत लिहून गेला आहात: पहिल्याच रात्री गाढ झोप. बाकीच्यांच्या घरापेक्षा बराक वाईट होती. तुमच्या घरापेक्षा ती सुरक्षित होती. तिथे रात्री पावलांवरून बापाने किती प्यायली आहे याचा अंदाज बांधायला लागत नव्हता. उस्ताद शिक्षा द्यायचे, चांगली कडक द्यायचे, पण बूट चमकले नाहीत किंवा फॉल-इनला उशीर झाला तर ती मिळणार हे आदल्या दिवशीच ठाऊक असायचं. फ्रंट रोल झाला की ते प्रकरण तिथेच संपायचं आणि लंगरमध्ये ताट सगळ्यांसारखंच वाढलं जायचं. राग आला तरी त्याला हद्द होती, आणि त्या रागाचं उत्तर वरच्याला द्यावं लागायचं. तुमच्या बाबांच्या रागाला हद्द नव्हती आणि त्याबद्दल त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. तुम्हाला बळ दिलं ते या ठरलेपणाने आणि तुमच्या चोवीस वर्षांच्या कष्टाने.

मग हे आत राहिलं कसं? कारण फौजेला ते बाहेर काढायचं नव्हतंच, आणि तिचं कामही ते नाही. पहाऱ्यावर असताना मनातलं बाजूला ठेवता आलं पाहिजे, हुकूम मिळाला की विचार न करता अंग हललं पाहिजे. तुम्ही ते इतकं छान शिकलात की चोवीस वर्षं ते दुखणं पेटीत बंद राहिलं. शिवाय मूल रोज समोर असण्याची वेळही फारशी आली नाही. साठ दिवसांची वार्षिक सुट्टी आणि तीस दिवसांची कॅज्युअल, त्यातही कधी बर्फाने वाट बंद, कधी सुट्टी रद्द. फॅमिली क्वार्टर मिळाली असेल तेवढा काळ सोडला, तर मुलाने बाप पाहिला तो पाहुणा म्हणून. सुट्टीवर आलेला बाप चॉकलेट आणतो, चवथीला माटोळी बांधतो आणि परत जातो. रोजचा अभ्यास, खोटं बोलणं, जेवताना सांडणं, झोपायला नकार देणं, या सगळ्यात तुम्ही दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा उतरलात. नऊ वर्षांच्या मुलाचे तुम्ही दीड वर्षाचे बाप आहात. स्वतःला तेवढी सवलत द्या. मुलालाही द्या, त्यालाही या नव्या बापाची ओळख व्हायची आहे.

मुलाशी बोलला आहात का, याबद्दल पत्रात काहीच नाही. बोलला नसाल तर महिना झाला तरी उशीर झालेला नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळांचे व्यवहार क्षणाक्षणाने तपासले, तेव्हा असं दिसलं की चांगल्या, प्रेमळ जोड्यांचेही सूर एकमेकांशी जेमतेम ३० टक्के वेळच जुळलेले असतात. उरलेल्या वेळात चुकामूक असते आणि पुन्हा जुळवून घेणं असतं. बाळाचा विश्वास घट्ट होतो तो या पुन्हा जुळण्यातून. तुमच्या बाबांनी मारलं ते भयंकर होतंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ते पेज प्यायला बसायचे असतील, तर ते घावावर मीठ होतं. तुमच्याकडे परत कुणी आलं नाही. तुम्ही मुलाकडे परत जा.

त्यासाठी त्याला समोर बसवून भाषण देऊ नका. नऊ वर्षांच्या मुलाला डोळ्याला डोळा देऊन बोलणं जड जातं, शेजारी चालताना सोपं जातं. संध्याकाळी पोदेर आला की पाव आणायला त्याला बरोबर न्या आणि परत येताना सांगा: 'त्या दिवशी मी तुझ्यावर हात उचलला. तू घाबरलास ते मी पाहिलं. ती माझी चूक होती, तुझी नाही. वहीबद्दल तू खोटं बोललास त्यावर आपण वेगळं बोलू, पण त्यासाठी मी तुला मारणार नाही.' एवढंच. पुढे 'पण तूही...' असं शेपूट जोडू नका. 'माझे बाबा तर मला' हेही आत्ता नको, त्याला तुमच्या बालपणाचा भार उचलायला लावू नका. तो काही न बोलता पावाची पिशवी हलवत चालत राहील. चालेल. त्याच रात्री वहीबद्दल विचारा, आणि विचाराल तेव्हा वही का लपवली हे विचारा, खोटं का बोललास हे नको. मुलं बहुधा गणित येत नाही म्हणून वही लपवतात आणि बाप चिडेल म्हणून खोटं बोलतात.

आणि मारणार नाही असं सांगितलंत तर ते पाळण्याची तयारी आधी करा, नुसत्या निश्चयावर सोडू नका. निश्चय तर मुलगा झाला तेव्हाही केला होता. राग येण्याच्या आधी तुमचं शरीर काय करतं ते शोधा. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे कान तापतात, कुणाची मूठ मिटते. ते जाणवलं की 'मी बाहेर जाऊन येतो' एवढे शब्द बोला आणि परसात जा. श्वास घ्याल त्याहून सावकाश सोडा, चारपाच मिनिटं. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके खाली येतात. फायरिंग रेंजवर ट्रिगर दाबण्याआधी तुम्ही हेच करत होता, तेव्हा हे जमतं की नाही याची शंका मला नाही. मग परत या. परत येणं महत्त्वाचं, नाहीतर मूल तुमच्या निघून जाण्यालाही घाबरायला लागेल. रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास पत्नीकडे किंवा दुपारी झोप काढून उठल्यावर. रात्रभर जागलेल्या माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो, हे साधं शरीराचं गणित आहे. पिण्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. कॅन्टीनची बाटली घरी येत असेल, तर निदान मुलं जागी असताना ती उघडायची नाही असा नियम करा. दारूच्या वासाबरोबर तुमच्या अंगात काय काय जागं होतं, ते तुम्हालाच माहीत.

आता बाबांचं. तुम्ही रोज त्यांना आंघोळ घालता. ज्या हाताने पट्टा धरला, तो आता लुळा झालेला हात उचलून तुम्ही त्याखाली साबण लावता. हे किती अवघड असेल याची मी कल्पनाच करू शकते. त्यातून बाहेर आल्यावर तुम्ही कुणावर तरी चिडता का, हे तपासून पाहा. चिडत असाल तर आठवड्यातले काही दिवस ते काम दुसऱ्या कुणाकडे द्या. एखादा मदतनीस ठेवला, भावाला किंवा चुलतभावाला सांगितलं, तर तुम्ही कमी पडलात असं होत नाही.

आई विसर म्हणतात. त्यांनी त्या घरात दिवस काढले ते विसरूनच काढले असतील, त्यांना दुसरा उपाय नव्हता. त्यांच्याशी त्यावरून वाद घालू नका. पण विसरणं तुम्हाला परवडणारं नाही, ते का हे वर सांगितलं. आणि माफ करायलाच पाहिजे असंही मी तुम्हाला सांगणार नाही. सेवा करणं ही एक गोष्ट आणि माफ करणं ही दुसरी. पहिली तुम्ही करता आहात. दुसरी आतून आली तर येईल, नाही आली तर त्यासाठी तुम्ही कुणाला बांधील नाही. बाबा वाईट होते की टिप्पर, खेपा आणि दारूने त्यांना तसं केलं, याचा उलगडा कदाचित कधी होणार नाही. दिवसाला जास्तीत जास्त खेपा मारायच्या धंद्याने डिचोली-सत्तरीतल्या कितीतरी घरांचे संसार पोखरले. पण त्याच रस्त्यावर टिप्पर चालवणारे आणि मुलांना खांद्यावर घेऊन जत्रेला जाणारे बापही होते.

नातू आजोबांजवळ बसतो, आजोबा त्याच्या केसांतून चांगला हात फिरवतात, ते पाहून तुमच्या पोटात खड्डा पडत असेल. मला हे कधीच मिळालं नाही, असं वाटत असेल. वाटू द्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मुलाच्या मनात आजोबांविषयी विष कालवू नका, पण आजोबांच्या माराची फुशारकीही त्याच्या कानावर पडू देऊ नका. पुढच्या वेळी पाहुण्यांसमोर ते 'मार खाल्ला म्हणून टिकलो' ओठांवर येईल तेव्हा गिळा. मुलगा आतल्या खोलीतून ऐकत असतो.

हे सगळं एकट्याने करायचं नाही. झोप गेलेल्याला महिना झाला आहे, म्हणून डॉक्टरांना दाखवा. तुमचं ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेलच, पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. बांबोळीची आयपीएचबी, म्हणजे सरकारी मानसोपचार संस्था, आहे. तिथे गेलं की वेडा म्हणतात, हे अजून आपल्या गावांत चालतं, त्याकडे लक्ष देऊ नका. झोप, राग आणि जुन्या आठवणी यांसाठीच लोक तिथल्या ओपीडीत बसलेले असतात. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या संगाथ संस्थेने तर इथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत दाखवून दिलं की नीट प्रशिक्षण दिलेली साधी माणसंही थोड्या बैठकांत नैराश्यासारख्या त्रासातून लोकांना बाहेर काढू शकतात. रात्रीबेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्याचा वेगळा कक्षही सुरू झाला. आणि हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुठल्या घरात आज एखादं मूल मार खात असेल, तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा, शेजाऱ्यांनी केला तरी चालतो. तुमच्या वेळी तो फोन करणारं कुणी असतं तर, असं मला हे पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं.

पलटणीतल्या एखाद्या जोडीदाराशी यावर बोलून पाहा. तुमच्या तुकडीत असं बालपण घेऊन आलेले तुम्ही एकटे नव्हता. दुखलं होतं, भीती वाटायची, हे शब्द एकदा मोठ्याने कुणासमोर तरी उच्चारायला हवेत. ते घरातच झालं तर उत्तम, पत्नीसमोर. तुम्हाला लिहायला लावलं त्या बाईंना बरंच काही आधीपासून माहीत आहे असं मला वाटतं. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या, आणि तिथे बसल्यावर पहिलं वाक्य सुचलं नाही तर मला पाठवलेल्या पत्राची प्रत डॉक्टरांच्या हातात द्या.